तीन किलो स्फटिकासाठी

अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावर सीझेडटीआय नावाचं एक उपकरण आहे. 28 सप्टेंबर 2015 ला ते श्रीहरिकोट्याहून वर गेलं. अवकाशातून येणारे तीव्र क्ष-किरण टिपणं हे त्याचं काम. त्यात चौसष्ट चकत्या आहेत. प्रत्येक चकती चौकोनी, जेमतेम चार सेंटिमीटर लांब-रुंद आणि पाच मिलिमीटर जाड. दिसायला काळपट आरशासारखी. या चकत्या कॅडमियम झिंक टेल्युराइडच्या, म्हणजे बोलीभाषेत ‘सीझेडटी’च्या स्फटिकातून कापलेल्या. घनता आणि मापं हाताशी घेऊन गणित केलं, तर चौसष्टांचं मिळून वजन तीन किलोच्या आत भरतं. उपकरण उभं राहिलं ते कुलाब्याच्या टीआयएफआर या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकारानं. त्याची निरीक्षणं उतरवून घेण्याचं केंद्र पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आहे. इलेक्ट्रॉनिक्स, यांत्रिक सांगाडा, उपग्रह, रॉकेट, सगळं आपलं. ते तीन किलो स्फटिक मात्र इस्रायलमधल्या ऑर्बोटेक या कंपनीकडून विकत आणलेलं.

त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नासाही स्फटिक विकतच घेते. अडचण पुढची आहे. ज्या बाजारातून ते आणलं, तो बाजार गेल्या पंधरा वर्षांत झपाट्यानं आवळत गेला आहे, आणि आपण ‘सेमीकंडक्टर’ या एका शब्दाखाली 76 हजार कोटींची योजना चालवत असताना या कोपऱ्याकडे कुणाची नजर वळलेली दिसत नाही. क्ष-किरण टिपणारं स्फटिक वाढवणारी एक कायमस्वरूपी भट्टी देशात हवी, तिला पंधरा वर्षांच्या खरेदीची हमी हवी, आणि ती पेटवताना सीटी स्कॅनच्या मोठ्या बाजाराच्या नादी लागू नये, एवढंच मला या लेखात मांडायचं आहे.

आधी हे स्फटिकच का, ते पाहू. क्ष-किरण टिपायचे तर ते आधी अडवावे लागतात. सिलिकॉन हलका, अणुक्रमांक 14, त्यामुळे जोरकस क्ष-किरण त्यातून बिनदिक्कत आरपार जातात. जर्मेनियम जड आहे आणि अचूकतेत आजही त्याचा हात धरणारं कुणी नाही. पण खोलीच्या तापमानाला नुसत्या उष्णतेनंच त्यात इतके इलेक्ट्रॉन मोकळे होतात की खरा संकेत त्या गोंगाटात बुडून जातो. म्हणून ते उणे 196 अंशांवर, द्रव नायट्रोजनच्या संगतीत ठेवायचं. अणुभौतिकीच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही विचारा, नायट्रोजन भरायची पाळी कुणाची यावरून किती वाद होतात ते. कॅडमियम आणि टेल्युरियम यांचे अणुक्रमांक 48 आणि 52. दोघांचं संयुग क्ष-किरणांना चांगलं अडवतं आणि खोलीच्या तापमानाला शांतही राहतं. वर थोडं जस्त मिसळलं की आणखी शांत.

साठ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा एक फोटॉन, म्हणजे क्ष-किरणाचा एक कण, त्यात शिरला, की साधारण तेरा हजार इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि त्यांच्यामागे तेवढ्याच रिकाम्या जागा, म्हणजे ‘छिद्रं’, तयार होतात. ती गोळा करून मोजली की फोटॉनची ऊर्जा कळते. जुन्या पद्धतीत क्ष-किरण आधी चमकणाऱ्या पदार्थावर आपटतात, त्यातून प्रकाश निघतो आणि त्या प्रकाशाची मग वीज होते. दोन पायऱ्यांत बरीच माहिती सांडते. इथे मधली पायरीच नाही. म्हणून तर सीझेडटीआय चालू झालं त्याच दिवशी, 6 ऑक्टोबर 2015 ला, त्यानं एक गॅमा-किरण स्फोट टिपला, आणि पुढे असे सहाशेहून जास्त स्फोट. खेकडा तेजोमेघातल्या स्पंदकाच्या, म्हणजे गरगर फिरणाऱ्या मृत ताऱ्याच्या, क्ष-किरणांचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांची कंपनं कुठल्या दिशेला होतात ते, या उपकरणानं मोजलं. त्या कामाची मूळ कल्पनाच अशी, की फोटॉन एका पिक्सेलमधून उडून शेजारच्या पिक्सेलमध्ये कुठल्या दिशेला जातो, ते पाहायचं. चौसष्ट चकत्या, प्रत्येकीवर 256 पिक्सेल, एकूण 16,384. त्यातले काही गोंगाट करतात म्हणून बंद ठेवावे लागतात. स्फटिकाच्या पोटात काय दोष आहेत, ते असं बाहेर दिसतं.

हे दोष येतात कुठून, ते जरा जवळून पाहायला हवं, कारण सगळ्या वादाची किल्ली तिथे आहे. क्वार्ट्झची एक जाड नळी घ्यायची. आतून कार्बनचा पातळ थर द्यायचा, म्हणजे वितळलेला माल काचेला चिकटणार नाही. त्यात कॅडमियम, जस्त आणि टेल्युरियम तोलून घालायचं. शुद्धता अशी, की कोटी अणूंत एखादा परका. नळी निर्वात करून वितळवून बंद करायची. भट्टीत अकराशे अंशांच्या वर नेऊन सगळं वितळवायचं आणि मग नळी गरम भागातून थंड भागात सोडायची, तासाला मिलिमीटरच्या हिशोबानं. या संयुगातून उष्णता फार सावकाश वाहते. त्यामुळे घट्ट होणारी सीमा सपाट न राहता वाकते, आणि वाकली की एका स्फटिकाऐवजी अनेक कण तयार होतात. कॅडमियमची वाफ जोरकस. जरा गणित चुकलं तर नळी फुटते आणि विषारी वाफ भट्टीभर. जस्त तर आधी गोठणाऱ्या टोकाकडेच जास्त जातं, म्हणजे कांडीचं एक टोक एका गुणाचं, दुसरं दुसऱ्या. हे सगळं सांभाळून काही आठवड्यांनी कांडी बाहेर येते, तेव्हा ती चांगली की वाईट हे कुणालाच माहीत नसतं. तारेच्या करवतीनं कापून, घासून, अवरक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरली की कळतं. सीझेडटी अवरक्त प्रकाशाला पारदर्शक असतं. आत अडकलेले टेल्युरियमचे कण मात्र नसतात. ते काळे, त्रिकोणी किंवा षट्कोनी ठिपक्यांसारखे दिसतात, काही मायक्रॉनांपासून काही दशक मायक्रॉनांपर्यंत. असा प्रत्येक ठिपका म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या वाटेतला खड्डा.

आज बाजारातले आघाडीचे उत्पादक यापेक्षा कमी तापमानाची दुसरी पद्धत वापरतात. टेल्युरियमनं भरलेला वितळलेला पट्टा घन पदार्थातून पुढे पुढे सरकवत न्यायचा. वेग दिवसाला काही मिलिमीटर. घाईच करायची असेल तर हा धंदा नव्हेच.

आता बाजाराकडे. जगात हे स्फटिक चांगल्या दर्जाचं वाढवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ज्या ऑर्बोटेककडून आपण चकत्या घेतल्या, तिचा हा विभाग 2011 मध्ये जीईनं घेतला. अमेरिकेतली जुनी ईव्ही प्रॉडक्ट्स 2013 मध्ये ब्रिटनच्या क्रोमेकनं घेतली. ओकिनावाची अ‍ॅक्रोरॅड सीमेन्सच्या पंखाखाली गेली. कॅनडाची रेडलेन 2021 मध्ये कॅननच्या ताब्यात गेली. खरेदीदारांची नावं पुन्हा वाचा: जीई, सीमेन्स, कॅनन. तिघंही सीटी स्कॅनची यंत्रं बनवतात. त्यांतल्या सीमेन्स आणि कॅननला हे स्फटिक नव्या पिढीच्या यंत्रांसाठी हवं आहे, ज्यात फोटॉन एकेक करून मोजले जातात आणि त्यांच्या ऊर्जेवरून कॅल्शियम, आयोडीन वेगळं ओळखता येतं. सीमेन्सच्या अशा पहिल्या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएची परवानगी मिळाली सप्टेंबर 2021 मध्ये. त्याचं हृदय कॅडमियम टेल्युराइडचंच. या कंपन्यांची भूक मोठी आहे. भौतिकशास्त्रज्ञाला चाळीस-पन्नास चकत्या हव्यात म्हणून त्या आपली उत्पादनाची रांग थांबवतील, अशी आशा मी तरी करणार नाही.

वर कायद्याचा भाग आहे. दुहेरी, म्हणजे नागरी आणि लष्करी, वापराच्या वस्तूंवर नियंत्रण ठेवणाऱ्या वासेनार या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेच्या यादीत कॅडमियम टेल्युराइडचं एकस्फटिक आहे, कुठल्याही शुद्धतेचं. कॅडमियम झिंक टेल्युराइडही आहे, पण जस्त सहा टक्क्यांहून कमी असेल तर. कारण तसं स्फटिक रात्री उष्णता पाहणाऱ्या लष्करी कॅमेऱ्यांच्या पायाशी लागतं. क्ष-किरणांच्या डिटेक्टरमध्ये जस्त साधारण दहा टक्के, म्हणून ते आज त्या ओळीतून सुटतं. सुटतं एवढंच. फेब्रुवारी 2025 मध्ये चीननं टंगस्टन, बिस्मथ, मॉलिब्डेनम, इंडियम यांच्याबरोबर टेल्युरियमवरही निर्यात परवान्याची अट घातली आणि त्यात टेल्युराइड संयुगांचाही समावेश केला. यादीतली ओळ बदलायला एका अधिसूचनेपलीकडे काही लागत नाही.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर असतं: खनिजं. 2023 मध्ये केंद्रानं तीस अत्यावश्यक खनिजांची यादी काढली, त्यात टेल्युरियम आणि कॅडमियम दोन्ही आहेत. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठी स्वतंत्र अभियानही मंजूर झालं. चांगलंच आहे, पण इथे रोग एक आणि औषध दुसरं, असं झालंय. पुन्हा ते तीन किलो आठवा. त्यात टेल्युरियम निम्म्याहून थोडं जास्त, म्हणजे दीड किलोच्या आसपास. कॅडमियम जस्ताच्या शुद्धीकरणात आपोआप निघतं, टेल्युरियम तांब्याच्या शुद्धीकरणात टाकीच्या तळाशी बसणाऱ्या गाळातून. दीड किलो टेल्युरियमसाठी खाण शोधत फिरायची गरज नाही. चेन्नईजवळ फर्स्ट सोलरचा, जानेवारी 2024 मध्ये उद्घाटन झालेला कारखाना कॅडमियम टेल्युराइडचे सौर पत्रे बनवतो, आणि त्याच्या गरजेपुढे आपली गरज म्हणजे दर्या में खसखस. धातू मिळतो, माल मिळतो. कोटीत एक इतका तो स्वच्छ करायचा आणि त्यातून कांडी वाढवायची, इथे गाडं अडतं.

आणि इथेही आपली पाटी कोरी नाही, हे विशेष. हैदराबादच्या सी-मेट या सरकारी पदार्थ-संशोधन संस्थेत टेल्युरियम, कॅडमियम अतिशुद्ध करण्याचं काम झालेलं आहे. दिल्लीच्या डीआरडीओच्या सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीनं अवरक्त कॅमेऱ्यांसाठी सीझेडटी वाढवलं आहे, चार टक्के जस्ताचं. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गॅडोलिनियम गॅलियम अ‍ॅल्युमिनियम गार्नेटसारखी चमकणारी स्फटिकं वाढतात. ती दुसऱ्या जातीची आणि दुसऱ्या पद्धतीनं वाढणारी, पण करवत आणि धीर तोच. चार टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर जाणं म्हणजे चिमूटभर जस्त वाढवणं नव्हे, हे मान्य. कॅमेऱ्याच्या पायाला फक्त अणूंची जाळी नेमकी जुळायला हवी असते. क्ष-किरणांना त्याशिवाय प्रचंड विद्युतरोध लागतो, दहा अब्ज ओहम-सेंटिमीटरच्या घरातला, आणि तो मिळवायला इंडियमसारखी भेसळ अगदी मोजून करावी लागते. तरीही अर्धा रस्ता चाललेली माणसं देशात आहेत. ती तीन खात्यांत आहेत, एवढाच काय तो प्रश्न. अणुऊर्जा, संरक्षण, इलेक्ट्रॉनिक्स. या तीन खात्यांना एका टेबलाशी बसवणं हे स्फटिक वाढवण्यापेक्षा अवघड आहे, असं कुणी म्हणालं तर मी हसणार नाही.

खरी उणीव गिऱ्हाइकाची आहे, आणि हातांची. प्रकल्प मंजूर होतो तीन किंवा पाच वर्षांचा. पहिलं वर्ष निविदांत जातं, दुसऱ्यात भट्टी येते, तिसऱ्यात कंत्राटी संशोधक कांडी कुठे बिघडते ते ओळखायला शिकतो, आणि चौथ्यात निधी संपून तो बाहेर पडतो. ओळखायला शिकलेला डोळा त्याच्याबरोबर जातो. शोधनिबंध छापून येतो, भट्टीवर आच्छादन पडतं, पुढचा प्रकल्प पुन्हा श्रीगणेशापासून. याच्या उलट उदाहरण पाहायचं तर सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगासाठी सिलिकॉनचे डिटेक्टर बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनले, भाभा केंद्राच्या साथीनं. किती नग, कुठल्या दर्जाचे, कधीपर्यंत, सगळं ठरलेलं. गिऱ्हाईक पक्कं असलं की आपल्याकडची माणसं काय करू शकतात, याला आणखी पुरावा नको.

गिऱ्हाईक आजही आहे, फक्त विखुरलेलं. आदित्य-एल1 वरच्या हेलिओस उपकरणात कॅडमियम टेल्युराइड आणि सीझेडटी दोन्ही आहेत. चांद्रयान-1 वरही सीझेडटी होतंच. आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आणि त्यांचे सहकारी ‘दक्ष’ नावाची दोन उपग्रहांची मोहीम मांडत आले आहेत, तिचा कणाच सीझेडटी. हृदयाच्या तपासणीचे नवे गॅमा कॅमेरे याच स्फटिकावर चालतात आणि रुग्णाला कमी किरणोत्सारी औषध देऊन भागवतात. अणुवीज केंद्रं आहेत, सीमाशुल्क आहे, आपत्ती दलं आहेत. प्रत्येक जण आपापली छोटी ऑर्डर परदेशी काढतो. या ऑर्डरी एकत्र बांधा आणि पंधरा वर्षांसाठी लेखी द्या. जागेसाठी वेगळी शोधाशोध नको. तुर्भे, कुलाबा, पवई, पुणे एवढ्या टापूत वापरणारे सगळे बसलेले आहेत. 2022 मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी ढोलेराला गेला, म्हणून महाराष्ट्रात केवढा धुरळा उडाला. पुढच्याच जुलैत फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडलं, आणि ज्याच्यावरून भांडलो तेच उरलं नाही. त्या आकड्यांच्या मानानं स्फटिकाची भट्टी किरकोळ खर्चाची. म्हणूनच कदाचित तिच्यावरून कुणी भांडत नाही.

सीटी स्कॅनचं काय? कोविडच्या काळात एचआरसीटी हा शब्द घराघरांत पोचला. सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारला यंत्राच्या क्षमतेनुसार दोन ते तीन हजार रुपयांची दरमर्यादा घालावी लागली. तेव्हा किरणांच्या मात्रेवरूनही चर्चा झाली. फोटॉन मोजणाऱ्या यंत्रांत मात्रा कमी लागते, चित्र अधिक रेखीव येतं, हे खरं. म्हणून आपणच ते स्फटिक बनवून या बाजारात उतरावं, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. सीटीच्या स्फटिकावर दर चौरस मिलिमीटरला सेकंदाला कोट्यवधी फोटॉन कोसळतात. एवढ्या माऱ्यात आत विद्युतभार साचू न देणारं स्फटिक, आणि तेही हजारोंच्या संख्येत एकसारखं, हे पहिल्या दिवशी जमणारं काम नव्हे. शिवाय घेणाऱ्या तीन कंपन्यांच्या घरात आपापली भट्टी आहे. आणि जिथे जिल्हा रुग्णालयात साधं सीटी यंत्र बंद पडलं तर दुरुस्तीला महिने लागतात, तिथे फोटॉन मोजण्याची निकड मला तरी दिसत नाही.

सर्वांत दमदार आक्षेप वेगळा आहे. सीझेडटीच उद्या कालबाह्य झालं तर? जीईनं स्टॉकहोमची एक कंपनी घेऊन सिलिकॉनवरच पैज लावली आहे. सिलिकॉनच्या पट्ट्या कडेवर उभ्या करायच्या, म्हणजे क्ष-किरणाला काही सेंटिमीटर सिलिकॉनमधून जावं लागतं. दुसरीकडे पेरोव्स्काइट नावाच्या दुसऱ्या कुळातलं स्फटिक, विशेषतः सीझियम लेड ब्रोमाइड, बरंच स्वस्तात वाढतं आणि त्याचे निकाल आशादायक आहेत. आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पण खोल सिलिकॉन हे सीटीसाठी चालेल. अवकाशात दीडशे हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या फोटॉनासाठी तेवढ्या जाडीचं वजन कोण वाहणार? आणि पेरोव्स्काइट आलंच, तर ते वाढवायलाही हीच भट्टी, हीच करवत, अवरक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके ओळखणारा हाच डोळा लागेल. पदार्थ बदलतो, कारागिरी टिकते. कॅडमियम विषारी आहे, हा आक्षेपही ऐकू येतो. विषारी आहेच. किलोंमध्ये मोजायचा माल आहे, बंद नळीत आहे, आणि अणुऊर्जा खात्याच्या आवारात याहून कितीतरी घातक वस्तू शिस्तीत हाताळल्या जातात.

राहिला प्रश्न सुरुवात कशापासून करायची याचा. चार सेंटिमीटरच्या निर्दोष चकतीपासून करू नये. तिथेच आपले प्रकल्प आपटतात. सुरुवातीच्या कांड्या वाईट निघणार, अनेक कणांच्या, ठिपक्यांनी भरलेल्या. पण वाईट कांडीतही चांगले कोपरे असतात. त्यातून एक सेंटिमीटरचे घन कापून काढता येतात, आणि जगभर तसं करतातही. असा एक घन, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि मोबाइलची जोडणी, की किरणोत्सार कुठल्या पदार्थाचा आहे हे सांगणारं खिशातलं उपकरण तयार. एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाच्या लिलावातून आलेलं कोबाल्ट-60 भंगारवाल्यांनी फोडलं आणि एकाचा जीव गेला. किरणं आहेत हे सांगायला साधी गायगर नळीही पुरते. पण समोर कोबाल्ट आहे, इरिडियम आहे की नुकतंच थायरॉइडचं औषध घेतलेला रुग्ण शेजारून गेलाय, हे तिला सांगता येत नाही. बंदरावरच्या, विमानतळावरच्या, भंगारबाजारात धाडलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं. असे शंभर घन दरवर्षी घेऊ, पहिली तीन वर्षं दर्जा कमी असला तरी घेऊ, असं एखाद्या खात्यानं लेखी दिलं तर भट्टी पेटवायला तेवढं पुरे आहे.